थंड हवेचं ठिकाण : सहारा

मे महिना लागला की वऱ्हाडातला माणूस नकाशा उघडतो. ऐपत बेताची असेल तर बोट चिखलदऱ्यावर थांबतं. पेन्शनचा फरक नुकताच हाती पडला असेल तर महाबळेश्वर, मसुरी असं हिंडून येतं. आमचं बोट घसरत घसरत आफ्रिकेच्या पार डाव्या काठावर गेलं आणि सहारा वाळवंटावर टेकलं. कारण भाचा. तो तिकडे वीजवाहिनीच्या कामावर आहे. "मामा, उन्हाळ्यात या. इथी हवा लय थंडी आहे," असं तो फोनवर सांगायचा आणि आम्ही ते पोराचं घराच्या आठवणीनं हललेलं डोकं समजून सोडून द्यायचो.

बातमी अमरावतीच्या राजकमल चौकात पोचली.

"कुठी चालले म्हणे, सर?"

"मॉरिटानियाले."

"वा! मॉरिशस! तिथी मराठी मानसं हायेत न लय."

"मॉरिशस नाही हो. मॉरिटानिया. आफ्रिकेच्या पश्चिमेले."

"समुद्र हाये न?"

"आहे."

"मंग तेच ते."

दुसऱ्यानं मोबाइलवर नकाशा काढला. त्या देशाचा पिवळा रंग पाहून त्याचा चेहरा पडला. "सर, हे तर सारं वाळवंट हाये. मे महिन्यात? घरचा कूलर बिघडला काय?" घरी येईस्तोवर अर्ध्या राजापेठेत आम्ही मॉरिशसला हनिमूनला चाललो होतो आणि उरलेल्या अर्ध्या राजापेठेत माझी तब्येत बरी नव्हती.

पण भाच्याचं म्हणणं कागदावर तपासून पाहिलं आणि मी गार झालो. मे महिन्यात अमरावतीचा पारा चव्वेचाळिसाला सहज शिवतो. अकोल्याचं तर नावच देशाच्या तापलेल्या गावांच्या यादीत वरच्या अंगाला वाचायची सवय झालेली. आणि सहाराच्या काठावरच्या नुआकशोतचा, म्हणजे मॉरिटानियाच्या राजधानीचा, मे महिन्यातला दुपारचा पारा बहुधा तिशीच्या घरात. करामत अटलांटिक महासागराची. कॅनरी नावाचा थंड पाण्याचा प्रवाह उत्तरेकडून या किनाऱ्याला घासून खाली येतो आणि राजधानी समुद्रापासून पाचेक किलोमीटरवर आहे. वारा समुद्राकडून असला की शहर गार. तोच वारा फिरला आणि वाळवंटाकडून आला की मात्र पारा चाळिशी ओलांडतो आणि सहारा आपलं खरं नाव सांगतो.

"अमरावतीचं कायचं ऊन," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांचं माहेर अकोट तालुक्यातलं, आणि अकोला जिल्ह्याच्या उन्हाचा मान कोणी कमी केलेला त्यांना खपत नाही. "ऊन पाहाव त अकोल्याचं. तुमच्याकडे नुस्तं गरम होते."

इस्तंबूलमार्गे आम्ही उतरलो. विमानतळ २०१६ साली सुरू झालेला, चकचकीत, शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटर उत्तरेला, आणि भोवती नजर जाईल तिथवर काहीही नाही. हा देश इस्लामी प्रजासत्ताक; दारूला बंदी. त्यामुळे सौंच्या बॅगेतली कैरीच्या पन्ह्याची बाटली टेबलावर उभी राहिली तेव्हा तपासणीवाल्याच्या भुवया वर गेल्या. त्यानं झाकण उघडून वास घेतला. दुसऱ्याला बोलावलं. त्यानंही घेतला. मग दोघांनी आपसांत अरबीत चर्चा केली आणि बाटली जपून परत बॅगेत ठेवली. "वास घेऊन घेऊन अर्धा गंध संपोला," सौ. पुटपुटल्या. बाहेर पाऊल टाकताच वाऱ्याचा असा झोत आला की त्यांनी शाल काढली. मे महिना, सहारा, आणि शाल. मी फोटो काढून राजकमल चौकाकडे रवाना केला. उत्तर आलं : "मॉरिशसले पाऊस हाये काय?"

या शहराचा जन्म सांगायलाच हवा, कारण एवढी तरुण राजधानी थोड्या देशांना असेल. फ्रेंचांच्या अमलात मॉरिटानियाचा कारभार सेनेगलमधल्या सेंट लुई या गावातून चाले. म्हणजे देश एकीकडे आणि राजधानी नदीपलीकडे, दुसऱ्याच्या मुलखात. स्वातंत्र्याची चाहूल लागली तेव्हा मोख्तार ऊल्द दादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की झेंडा तयार आहे, पण तो रोवायला गाव नाही. १९५८ मध्ये एका लहानशा वस्तीशेजारी, वाळूत, राजधानीची पायाभरणी झाली. इमारती उभ्या राहण्याआधी मंत्रिमंडळाची बैठक तंबूत भरली. २८ नोव्हेंबर १९६० ला देश स्वतंत्र झाला तेव्हा राजधानीत घरांपेक्षा आराखडे जास्त होते.

पुण्या-मुंबईचा माणूस हे ऐकून हसेल. वऱ्हाड्यानं हसू नये. १९०२ साली इंग्रजांनी आमचा अख्खा मुलूख निजामाकडून सालाना पंचवीस लाख रुपयांच्या मक्त्यानं कायमचा घेतला. मालक हैदराबादेत, मक्तेदार इंग्रज, दुसऱ्याच वर्षी कारभार नागपूरकरांच्या गळ्यात. आणि १९३६ पासून तर निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब, बेरारात सत्ता शून्य. ज्यांच्या गावाचा सात-बारा इतका फिरला, त्यांना सेंट लुईची गोष्ट घरची वाटते.

नुआकशोत आखलं होतं काही हजार वस्तीसाठी. मग सत्तरच्या दशकात दुष्काळ आला, उंट-शेळ्यांचे कळप मेले, आणि पिढ्यान् पिढ्या भटकणारी माणसं तंबू पाठीला मारून राजधानीच्या कडेला येऊन बसली. आता लोकवस्ती दहा लाखांच्या वर. आराखडा केव्हाच वाळूखाली गेला. रस्त्यावर वाळू चढते, ती काढतात, ती परत चढते. या कामात दोन्ही बाजूंना घाई नाही.

भाच्याचा पत्ता मी इंग्रजी अक्षरांत लिहून खिशात ठेवला होता. टॅक्सीवाल्यानं कागद सन्मानानं हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. इथं पत्ता कागदावर नसतो. 'माद्रिद चौकातून पुढे, औषधाच्या दुकानाच्या अलीकडे, पांढऱ्या भिंतीनंतर' असा तो असतो. मला एकदम उमाळा आला. अमरावतीत आम्ही नाही का, टॉकीज बंद पडून जमाना झाला तरी 'टॉकीजच्या समोर' असंच सांगत? टॅक्सी म्हणजे जुनी मर्सिडीज. जर्मनीत तिचं आयुष्य संपलं की ती इथं येते आणि दुसरा जन्म काढते. मागे चौघं, पुढे ड्रायव्हरशेजारच्या एका सीटवर दोघं. बडनेऱ्याच्या ऑटोत जो पुढच्या दांडीवर बसून आला आहे, त्याला मर्सिडीजच्या अर्ध्या सीटवर बसणं ही बढतीच.

पुढच्या खेपेला भाचा सोबत होता. ड्रायव्हरनं त्याच्यामार्फत विचारलं, तुमच्याकडे गरमी किती? भाच्यानं खरा आकडा सांगितला. त्यानं तो पुन्हा विचारला. मग बोटांवर मोजून खात्री केली, 'अल्ला' म्हणाला, आणि माझ्या बाजूची काच स्वतः हात लांब करून खाली केली. सहाराच्या माणसानं आमची कीव केली. सौ. मागून म्हणाल्या, "त्याले सांग, हे अमरावतीचं सांगून रायले. अकोल्याचं वेगळं."

बाजारात गेलो तेव्हा पैशांचा घोळ सुरू झाला. इथलं चलन उगुइया. एका उगुइयाचे पाच खूम. शंभराच्या हिशोबात न बसणारं असं चलन जगात आता यांचं आणि मादागास्करचं, एवढंच. सोळा आण्याच्या रुपयावर वाढलेल्या आमच्या आजीनं हे दोन मिनिटांत आत्मसात केलं असतं. खरा गुंता पुढे आहे. २०१८ साली सरकारनं नोटांवरचं एक शून्य उडवलं. दहा जुने म्हणजे एक नवा. नोटा बदलल्या, जिभा बदलल्या नाहीत. दुकानदार हजार म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या मनात नवे शंभर असतात. सौंना मेलहफा घ्यायचा होता. इथल्या बायका अंगाभोवती आणि डोक्यावरून घेतात ते चार-साडेचार मीटरचं झुळझुळीत, रंगीत कापड. दुकानदारानं भाव सांगितला.

"अर्ध्यात दे म्हणा," सौ.

भाचा म्हणाला, "मामी, तो जुन्यात सांगून रायला. नव्यात तो दहावा हिस्सा होते."

सौ. क्षणभर थांबल्या. दहा टक्क्यांवर भाव आपोआप आला, ही त्यांच्या बाजारातल्या सबंध कारकिर्दीतली पहिलीच वेळ. पण सवय ती सवय. "मंग दहाव्या हिश्श्याच्या अर्ध्यात दे म्हणा." दुकानदार इतका हसला की त्यानं खरंच थोडं कमी केलं.

या कापडाच्या बाजारात उभं असताना मला जो इतिहास आठवला, तो तिथल्या तिथं सौंना सांगितल्यावाचून राहवलं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फ्रेंच जहाजं पाँडिचेरीचं निळं कापड सेंट लुईला आणत. सेनेगल नदीच्या काठी मॉरिटानियाचे मूर व्यापारी ते कापड घेत आणि बदल्यात डिंक देत. कापडाचा तागा हेच तिथलं नाणं होतं.

"डिंक? लाडूतला?"

"तसाच. बाभळीच्या जातीच्या झाडाचा."

"एवढा डिंक खाऊन करत काय होते ते?"

खात नव्हते, हीच तर मेख. तो डिंक युरोपातल्या गिरण्यांत कापडछपाईचे रंग दाट करायला लागे. म्हणजे आपलं कापड देऊन डिंक घ्यायचा, त्या डिंकावर स्वतःचं कापड छापायचं आणि ते आणून हिंदुस्थानातला विणकर घरी बसवायचा. आमच्या वऱ्हाडचा वाटा पुढच्या अंकात. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरचा कापूस तुटला आणि साऱ्यांच्या नजरा आमच्या काळ्या मातीकडे वळल्या. १८७० साली खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा आला, खुद्द लॉर्ड मेयो उद्घाटनाला आले. मी रंगात आलो होतो. सौंनी दुकानदाराला पैसे दिले, सुटे मोजून घेतले आणि मला म्हणाल्या, "झालं काय? उन्ह उतरलं."

संध्याकाळी मासेबंदर. सौ. माळकरी, त्यांनी पदर नाकाला लावला आणि तासभर तिथून हलल्या नाहीत. लांबच लांब लाकडी होड्या, प्रत्येकीवर लाल-हिरवी-पिवळी नक्षी, लाटांवरून सरळ वाळूत घुसतात. मग वीस-पंचवीस माणसं गाणं म्हणत त्या वर ओढतात, डोक्यावर मासळीची खोकी घेऊन पोरं धावतात, गाढवगाड्या वाट अडवतात. ज्या थंड पाण्यानं आम्हाला शाल काढायला लावली, त्याच पाण्यानं ही मासळी दिली आहे. खोलातलं गार पाणी वर येतं, सोबत खनिजं आणतं, आणि हा किनारा जगातल्या समृद्ध मासेमारीच्या पट्ट्यांपैकी एक होतो. इथला ऑक्टोपस जपानला जातो. मूर माणूस मात्र मुळात वाळवंटाचा. समुद्र त्याला पाहुणा. होड्यांवरचे लोक बहुतेक दक्षिणेकडचे, वोलोफ बोलणारे. अशाच होड्यांतून या किनाऱ्यावरची पोरं कॅनरी बेटांकडे, युरोपच्या आशेनं निघतात आणि सगळी पोचत नाहीत. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा सौंनी नाकावरचा पदर काढला आणि विचारलं, "त्यायच्या मायले ठाव रायते काय?"

परतीच्या वाटेवर शहराच्या सखल भागात जमिनीवर पांढरा थर दिसला. सौंनी गाडी थांबवली. उतरल्या, वाकल्या, चिमूट उचलली आणि जिभेला लावली.

"खार," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर माहेरची गाडी दिसल्याचा आनंद.

अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खोदा, पाणी लागेल, आणि ते पिता येणार नाही. पिकाला दिलं तर काळी जमीन आवळून येते. गोड्या पाण्यासाठी आमच्या गावांनी वान धरणाकडे डोळे लावले तेव्हा कुठं चौऱ्याऐंशी खेड्यांची योजना झाली. नुआकशोतही असंच, पायाखाली खारं पाणी घेऊन बसलेलं. शहराचे काही भाग समुद्राच्या पातळीहून खाली. मध्ये किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या, एवढाच बांध. सबंध वर्षात पाऊस पडतो जेमतेम शंभर मिलिमीटरच्या घरात, पण तो मुरायला जागा नसते. २०१३ मध्ये जोराचा पाऊस झाला आणि काही वस्त्यांतलं पाणी हटता हटेना, वाळवंटात पूर. पिण्याचं पाणी २०१० पासून दक्षिणेच्या सेनेगल नदीवरून लांबच लांब नळानं येतं, आणि जिथं नळ पोचत नाही तिथं गाढवगाडीवरच्या पिंपातून. सौंनी भाच्याला बरेच प्रश्न विचारले : पिंप केवढ्याला, दिवसाआड का रोज, बाया रांगेत भांडतात का. सगळी उत्तरं त्यांना आधीच ठाऊक होती.

उंटांचा बाजार शहराबाहेर, पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. या रस्त्याचं नाव आशेचा रस्ता, अकराशे किलोमीटर लांब, पार नेमापर्यंत. वाटेत ठिकठिकाणी पोलिसांच्या चौक्या. प्रत्येक चौकीवर परक्या माणसानं आपला पासपोर्ट, व्हिसा, धंदा लिहिलेला कागद द्यायचा. त्याला 'फिश' म्हणतात. हे ऐकून मी सुखावलो. माझी अख्खी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. साक्षांकित प्रतीशिवाय मी देवाला नारळही फोडला नसेल. मी पाकिटातून गठ्ठा काढला. प्रत्येक फिशला पासपोर्टची झेरॉक्स, मागे पेन्शनच्या पुस्तकाची, वर पिन, कोपऱ्यात सही. पहिल्या चौकीवरच्या जवानानं ते उलटसुलट पाहिलं आणि बाकीच्यांना दाखवायला आत नेलं. परत येताना त्यानं एक प्रत परत दिली. "मामा, तो म्हणते, आधार कार्ड नको," भाचा म्हणाला.

उंटांच्या बाजारात माझं काही काम नव्हतं. उंटांचंही माझ्याशी नव्हतं.

भाच्याच्या घरमालकाच्या अंगणात तंबू आहे. पक्कं दुमजली घर आहे, एसी आहे, आणि तरी पाहुणा आला की सगळे तंबूत. चहा तिथंच. हिरव्या चहाची चिनी पत्ती, पुदिना, साखर, आणि इवलीशी काचेची पेली. किटलीतून हातभर उंचीवरून पेलीत, पेलीतून पेलीत, परत किटलीत, असं ओतत ओतत फेस काढतात. तीन फेऱ्या, तिसरी घेतल्याशिवाय उठणं म्हणजे अपमान. पहिली कडू, दुसरी बरी, तिसरी गोड. दोन फेऱ्यांच्या मधला वेळ गप्पांचा. घाई असलेल्या माणसानं नुआकशोतमध्ये चहा घेऊ नये. अर्थात घाई असलेला माणूस मला तिथं दिसलाही नाही. घरमालकीणबाईंनी सौंसाठी दुधाचं पातेलं पाठवलं. उंटाचं.

सौंनी मला कोपऱ्यात घेतलं. "आज एकादशी हाये. हे चालते काय?"

मी विचारात पडलो. गाय, म्हैस, शेळी यांचे निर्णय झालेले आहेत. उंटिणीबद्दल वारकरी संप्रदायानं काही ठरवल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. शेवटी सौंनीच निकाल दिला : "पाला खाणारं जनावर हाये. चालते." आणि वाटी रिकामी केली. दूध किंचित खारट असतं. खारपाणपट्ट्याच्या लेकीला ते जाणवलं नाही.

दूध आवडलं आणि संकट ओढवलं. त्यांनी जाहीर केलं की उद्या या दुधाचं दही लावणार. भाच्यानं सांगून पाहिलं. याच शहरात एका इंग्रज अभियंता बाईनं, नॅन्सी अबेदरहमान यांनी, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उंटाच्या दुधाची डेअरी काढली. तिविस्की तिचं नाव. भटक्या मालकांकडून दूध घेऊन ते पाश्चराइज करून पाकिटात विकायचं. लोक म्हणत, दूध पाहुण्याला द्यायचं असतं, विकायचं नसतं. डेअरी चालली. मग बाईंनी चीज करायचं मनावर घेतलं, तर दूध फाटेचना. गाईचं दूध घट्ट धरणारी प्रथिनं त्यात वेगळ्या प्रमाणात. शेवटी एका फ्रेंच प्राध्यापकानं तोडगा काढून दिला तेव्हा चीज जमलं.

"त्यायनं विरजण बरोबर नसन लावलं," सौ. म्हणाल्या.

रात्री पातेलं शालीत गुंडाळून ठेवलं. सकाळी झाकण काढलं. वास आंबूस, चव आंबट, आणि घट्टपणाचं नाव नाही. सौंनी पळी फिरवली, पातेलं कलतं केलं, माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. दुपारपर्यंत विरजणाला अजून एक मोका दिला. मग दुसरा. अकोट तालुक्यात या हातानं लावलेलं दही वाटी उलटी केली तरी पडत नसे, हे मला त्या दिवशी बऱ्याचदा ऐकायला मिळालं.

संध्याकाळी घरमालकीणबाई चार शेजारणींना घेऊन आल्या. त्यांची नजर पातेल्यावर गेली. बोट बुडवून चाटलं. डोळे चमकले. विचारायचं राहिलंच; त्यांनी सरळ साखर मागवली, पाणी ओतलं, पळीनं फेटलं आणि मोठ्या वाडग्यातून ते एकमेकींना द्यायला सुरुवात केली. वाडगा फिरला, रिकामा झाला. आंबवलेल्या दुधात पाणी आणि साखर घालून करतात ते झ्रिग, पाहुणचारातलं इथलं पहिलं पेय. आणि बायकांच्या मते असं झ्रिग त्यांनी बरेच दिवसांत प्यायलं नव्हतं. भाचा आतून दुभाष्याचं काम करत होता.

"मामी, त्या विचारून रायल्या, कसं लावलं म्हणून."

सौंनी पदर सारखा केला. "सांग, अकोल्याकडची पद्धत आहे. आणि जिरं हाये काय विचार. जिऱ्याबिगर मठ्ठ्याले काई मजा नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीन पातेली होती.